दुसऱ्यासाठी भाषण लिहायचं असेल तर: ऐकण्यापासून पोच घेण्यापर्यंत

गेली बरीच वर्षं मी सोलापुरात लोकांना भाषणं लिहून देतोय. धंदा म्हणून नाही, ओळखीतून ओळख निघत गेली आणि लोक यायला लागले, कुणाला निरोप समारंभात बोलायचंय, कुणाला शोकसभेत, कुणाला वॉर्डातल्या मीटिंगमध्ये काहीतरी मागायचंय, आणि बहुतेक जण येतात ते आदल्या दिवशी संध्याकाळी. त्यामुळे आधी काय करायचं, कशाला वेळ द्यायचा आणि काय सोडलं तरी चालतं हे हळूहळू कळत गेलं, ते सगळं इथं लिहून ठेवतो. स्वतःसाठी लिहीत असाल तरी पद्धत हीच.

एक गोष्ट आधी सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भाषण कानासाठी लिहायचं असतं. वाचणाऱ्याला एखादं वाक्य नाही कळलं तर तो मागं जाऊन परत वाचतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही, वाक्य गेलं की गेलं. आणि आपल्या सोलापुरात तर समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरात मराठी बोलतच नाहीत. पूर्व भागात घरोघरी तेलगू, अक्कलकोटकडून आलेल्या कितीतरी घरांत कन्नड, उर्दू-दखनी बोलणारी घरं वेगळीच. ही सगळी माणसं मराठी बोलतात, चांगली बोलतात, पण ती बाजारातली, कामावरची, शेजारपाजारची मराठी. 'तथापि', 'सदर बाब', 'अनुषंगाने' असले शब्द आले की त्यांना वाटतं आपलंच मराठी कमी पडतंय, आणि ती गप्प बसतात. हे मला फार लागतं, कारण ज्यांच्यासाठी सभा घेतली त्यांनाच आपण सभेतून उठवल्यासारखं होतं ते.

आधी लिहू नका, ऐका

काही दिवसांपूर्वी एका अक्कांसाठी भाषण लिहायचं होतं. विडी कामगार, मातृभाषा तेलगू. त्यांच्या भागातल्या नागरिकांच्या सभेत त्यांना पाच मिनिटं मिळणार होती आणि मागणी एकच, जवळची अभ्यासिका संध्याकाळी सातला बंद होते ती रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. त्यांनी कुणाकडून तरी एक पान आधीच लिहून घेतलं होतं, त्याची सुरुवात अशी:

"शैक्षणिक सुविधांच्या अपुऱ्या उपलब्धतेमुळे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थिनींना विविध अडचणींना सामोरे जावे लागत असून सदर बाबीकडे गांभीर्याने लक्ष देणे ही काळाची गरज आहे."

व्याकरणात चूक नाही. पण यात अक्का कुठं आहेत, त्यांची पोरगी कुठं आहे? ते पान बाजूला ठेवलं, त्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं (विचारल्याशिवाय कधीच करू नका) आणि म्हटलं, अक्का, रात्री घरात काय होतं ते सांगा. मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, बोटं आपली चालूच आणि नजर माझ्याकडं, अशा त्या बोलत होत्या:

"एकच खोली हाय आमची. पोरगी पुस्तक घेऊन बसली की लाईट चालू ठेवावा लागतो, लाईट चालू असला की धाकटा झोपत नाही. मग ती बाहेर पायरीवर बसते. डास चावतेत. अभ्यासिका हाय की, पण ती कॉलेजवरून येते सहाला आणि अभ्यासिका बंद होते सातला. एक तास. एका तासात काय बारावी होते का?"

भाषण इथंच तयार झालं होतं. ते शेवटचं वाक्य मी महिनाभर बसलो असतो तरी मला सुचलं नसतं. म्हणून माझा पहिला नियम असा आहे की जो माणूस बोलणार आहे त्याच्याकडून पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. विचारायचं ते एवढंच: नेमकं काय झालं, कधी झालं, तेव्हा तुम्ही काय केलं, आता काय पाहिजे आणि ते कोण देऊ शकतं. "तुमचं याबद्दल मत काय" असं विचारू नका, मत विचारलं की माणूस लगेच स्टेजवरची भाषा बोलायला लागतो. रेकॉर्डिंग ऐकताना जिथं त्यांचा आवाज बदलतो ती वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यायची, शुद्ध करायची नाहीत. 'हाय'चं 'आहे' करायचं का, हे त्यांना विचारायचं. अक्का म्हणाल्या स्टेजवर 'आहे' म्हणते, पण 'डास चावतेत' तसंच राहू दे. राहू दिलं.

एक वाक्य ठरवा

आता कागदाच्या वर एक वाक्य लिहा. सभा संपवून घरी गेलेल्या माणसाला बायकोनं विचारलं, काय म्हणत होत्या त्या, तर तो जे उत्तर देईल ते वाक्य. आमचं होतं, "अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवा म्हणत होत्या." मग यादी आली, तिथं खुर्च्या कमी आहेत, पिण्याचं पाणी नाही, वायफाय पाहिजे, रस्त्यावरचा एक दिवा बंद असतो. एवढं सगळं मागितलं की देणाऱ्याला सगळ्यात सोपं काय ते निवडता येतं, दोन खुर्च्या येतात आणि वेळ तोच राहतो. आम्ही फक्त दिवा ठेवला, कारण दिवा नसेल तर दहाला पोरींनी घरी यायचं कसं, म्हणजे तो त्याच मागणीचा भाग आहे. बाकीचं गाळलं. अक्कांना थोडं वाईट वाटलं, त्यांना म्हटलं खुर्च्यांचं वेगळं पत्र देऊ.

एका भाषणात एक विषय, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी १२ जानेवारीला दरवर्षी काय होतं बघा. त्या दिवशी जिजाऊ जयंती, विवेकानंद जयंती, आपल्याकडं चार हुतात्म्यांचा दिवस, आणि वर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची, म्हणजे जत्रेची, गडबड सुरू झालेली. शाळेतल्या पोराला चार मिनिटं मिळतात आणि घरचे त्यात सगळं कोंबतात, मग हुतात्म्यांच्या वाट्याला येतं 'धगधगत्या अग्निकुंडात प्राणांची आहुती' हे एवढंच वाक्य, जे कुठल्याही गावातल्या कुठल्याही हुतात्म्याला लागू पडतं. त्यापेक्षा पोराला एवढंच सांगायला लावा: १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ लागला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. नावं सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबून. ही चार नावं एकापाठोपाठ ऐकली की सोलापूर काय आहे हे समोरच्याला आपोआप दिसतं, पोरानं एकात्मतेवर वेगळं बोलायची गरजच पडत नाही.

वेळेचा हिशोब

माझा हिशोब मिनिटाला शंभर शब्द. स्टेजवर सवय नसलेला माणूस एकतर फार भरभर वाचतो नाहीतर अडखळतो, दोन्ही धरून सरासरी एवढीच पडते. म्हणजे पाच मिनिटांना पाचशे शब्द, पण मी साडेचारशेच लिहितो, माईक खरखरतो, कुणीतरी टाळ्या वाजवतं, कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून ठेवतं, त्यात उरलेला वेळ जातो. पाच मिनिटांत काय सांगणार असं कुणी म्हटलं की मी लिंकनचं सांगतो. १९ नोव्हेंबर १८६३, अमेरिकेतलं गेटिसबर्ग, आधी एडवर्ड एव्हरेट हे नावाजलेले वक्ते दोन तास बोलले, मग लिंकन उठले आणि पावणेतीनशेच्या आसपास शब्दांत, दोन-तीन मिनिटांत बसले. आज जगाला कुणाचं भाषण माहीत आहे ते सांगायला नको.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडं सातचा कार्यक्रम आठला सुरू होतो आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, देशभरात २००० सालापासूनचा नियम आहे तो. त्यामुळे साडेनऊनंतर नंबर लागला की संयोजक कानात येऊन सांगतो, दोनच मिनिटं. तेव्हा घाम फुटू नये म्हणून लिहितानाच दोन मिनिटांचा मजकूर मार्करनं पिवळा करून ठेवा, सुरुवात, तो एक प्रसंग आणि मागणी. नुसतं पिवळं वाचलं तरी भाषण पूर्ण वाटलं पाहिजे, हे घरी एकदा वाचून बघा.

सुरुवात

"आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर उपस्थित..." इथून पुढं नावं सुरू होतात आणि पाचातली दोन मिनिटं तिथंच संपतात, शिवाय एक नाव राहिलंच तर तो माणूस उरलेलं भाषण ऐकत नाही. मोठ्या पदावरच्या वक्त्याला हे टाळता येत नसेल, पण साध्या नागरिकाला येतं. "अध्यक्ष महोदय आणि जमलेले सगळे जण, नमस्कार." बस. 'मी दोन शब्द बोलणार आहे', 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही', 'मी काही वक्ता नाही' ही तिन्ही वाक्यं काढा, त्यातून ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही.

अक्कांनी पहिलं वाक्य तेलगूत म्हणायचं ठरवलं, "अंदरिकी नमस्कारम्", आणि लगेच मराठीत नमस्कार. ती त्यांची भाषा आहे म्हणून ते शोभतं. पाहुण्या वक्त्याला कागदावर 'एल्लरिगू नमस्कार' लिहून देऊन कानडी बोलायला लावायचं असेल तर उच्चार दहा वेळा म्हणून घ्या, नाहीतर नका करू, लोकांची भाषा चुकीची बोलून लोकांना जिंकता येत नाही.

नमस्कारानंतरचं वाक्य थेट प्रसंगात जायला पाहिजे. आमचं असं झालं: "माझी मुलगी बारावीला आहे आणि ती पायरीवर बसून अभ्यास करते." समोरच्या प्रत्येक बाईला ती पायरी दिसली.

मधला भाग, आणि वाक्यांची दुरुस्ती

माझा बराचसा वेळ इथं जातो.

पहिला ड्राफ्ट झाला की त्यात 'ण्यात' शोधा. करण्यात आले, देण्यात येईल, घेण्यात यावा, कळविण्यात येते. ही ऑफिसातली मराठी आपल्या इतकी अंगात भिनलीय की प्रेमाचं बोलतानाही येते, एका शोकसभेत मी "त्यांची आठवण कायम ठेवण्यात येईल" असं ऐकलंय. या रचनेत करणारा माणूस गायब होतो. "दिवा दुरुस्त करण्यात येईल" म्हणजे कोण करणार, कधी करणार? प्रत्येक 'ण्यात'च्या जागी माणूस आणि दिवस घालून बघा. "दिवा कोण दुरुस्त करणार आहे त्यांचं नाव आणि तारीख आम्हाला आजच्या सभेत सांगा." एवढ्या बदलानं वाक्य मागणी होतं.

मग 'आम्ही' आणि 'आपण' तपासा. मराठीत ही फार मोठी सोय आहे, आम्ही म्हणजे समोरचा सोडून, आपण म्हणजे समोरच्याला धरून. तेलगूतही ती आहे, मेमु आणि मनमु, म्हणून आपल्या पूर्व भागातल्या माणसाला हा फरक लगेच कानाला कळतो. कानडीत 'नावु' दोन्हीला एकच, त्यामुळे कानडी घरातला माणूस मराठी बोलताना कधी कधी याची अदलाबदल करतो, ती चूक नाही पण स्टेजवर अर्थ बदलतो. "आम्ही ही अभ्यासिका उभी केली" म्हटलं की समोरचे प्रेक्षक होतात. "आपण वर्गणी काढून ही अभ्यासिका उभी केली" म्हटलं की समोरचे मालक होतात. उलटंही बघायचं, श्रेय घेताना 'मी' आणि चूक झाली की 'आपण कमी पडलो' असं काही जण बोलतात, लोकांना ते बरोबर कळतं. चूक आपली असेल तर 'मी' लिहा. अक्कांच्या भाषणात घरचं सांगताना 'आम्ही' ठेवलं आणि मागणीच्या जागी 'आपल्या पोरी' केलं, माझी पोरगी नाही, आपल्या पोरी.

साध्या शब्दांनी वजन कमी होतं अशी भीती पुष्कळांना असते. १८९७ साली, प्लेगच्या त्या काळात, टिळकांनी केसरीत अग्रलेख लिहिला त्याचा मथळा होता 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यात एक तरी शब्द असा आहे का जो घरात आजी वापरत नाही? आणि त्याचं वजन केवढं होतं. तशीच दुसरी गोष्ट, मोठा विचार मांडायचा असेल तर त्याला तारीख आणि दोन बाजू द्या. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीत जगायला लागणार, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक आयुष्यात विषमता. एवढी अवघड गोष्ट, पण एक तारीख, एक 'इकडे' आणि एक 'तिकडे', त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही पकडता येते. अक्कांचं 'सहाला येते, सातला बंद होते' याची बांधणीही तशीच आहे, म्हणून ते लक्षात राहतं.

आकडे. कागदावर १,४७,३५० बरोबर असतं, कानाला ते नुसता आवाज वाटतो. "दीड लाखाच्या आत-बाहेर" म्हणा. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द आपल्याकडं आहेत ते वापरा, बाजारात सगळे त्याच भाषेत बोलतात. एका भाषणात दोनपेक्षा जास्त आकडे लक्षात राहत नाहीत. आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यात भलेभले अडकतात, तेव्हा '६९ घरं' ऐवजी 'सत्तर घरं' चालत असेल तर तेच लिहा, पण पत्रात मात्र खरा आकडा द्या.

जोडाक्षरांचं तसंच. 'औद्योगिकीकरण' हा शब्द मी एकदा एका गृहस्थांना लिहून दिला, ते तिथं तीन वेळा अडकले आणि मागच्या रांगेत पोरं हसली. तेव्हापासून बोलणाऱ्याकडून प्रत्येक शब्द म्हणवून घेतल्याशिवाय फायनल करत नाही. 'कारखाने आले' चाललं असतं.

जपून वापरायचे शब्द

इथं लोक म्हणतात एवढं काय मनावर घ्यायचं. घ्यायचं. स्टेजवरचा शब्द माईकमधून जातो, आणि आता तर मोबाईलवर रेकॉर्ड होऊन व्हॉट्सॲपवर फिरतो.

'बांगड्या भरा' हे पहिलं काढा. आपल्याकडं आंदोलनात अजून बोलतात, कुणाला नामर्द म्हणायचं असलं की बांगड्या दाखवतात. त्याच सभेत पुढच्या रांगेत शंभर बायका बसलेल्या असतात, त्यांच्या हातात बांगड्या असतात आणि त्याच हातांनी दिवसाला हजार विड्या वळून घर चालतं. ते हात आपण शिवी म्हणून वापरायचे?

'आंधळा कारभार', 'बहिरं प्रशासन', 'लंगडी सबब' हेही तसंच. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे म्हणून नव्हे, तर सभेत काठी घेऊन आलेला माणूस बसलेला असतो म्हणून. आणि नुसत्या लिखाणाच्या बाजूनं बघितलं तरी 'बहिरं प्रशासन' हे कमजोर आहे, त्यातून माहिती काहीच मिळत नाही. "तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर आलं नाही" यात जोर जास्त आहे आणि कुणाला लागतही नाही. बहुतेक शिवराळ शब्दांचं असंच असतं, माहिती नसते तिथं ते येतात.

'हे लोक', 'तसले लोक', 'तिकडचे लोक' काढा, भाग किंवा काम सांगा: यंत्रमागावर काम करणारे, विडी घरकुलात राहणारे. जातीवरून किंवा धंद्यावरून आलेल्या म्हणी तर मराठीत ढिगानं आहेत, तोंडात बसलेल्या असतात, लिहून झाल्यावर फक्त त्यासाठी एकदा कागद वाचा. बाईची ओळख 'अमक्यांच्या सौभाग्यवती' अशी करून देऊ नका, तिचं नाव घ्या. पती वारलेल्या बाईबद्दल बोलताना 'बिचारी' नको, तिनं काय केलं ते सांगा.

आणि आरोप. 'चोर', 'खाल्ले', 'भ्रष्ट' हे शब्द बोलणाऱ्याला टाळ्या देतात आणि उद्या अब्रुनुकसानीची नोटीसही देतात. हातात कागद असेल तेवढंच बोला. कागद नसेल तर प्रश्न विचारा, "या कामाचा हिशोब सगळ्यांना बघायला कधी मिळेल?" माहिती अधिकाराचा अर्ज आधी टाकला असेल तर अजून चांगलं, २००५ च्या कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, सभेत ते उत्तर हातात धरून बोलता येतं.

नावं तपासा, घरच्यांकडून

हे मी चूक करून शिकलो. एका शोकसभेसाठी मी लिहिलं होतं, "त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुलं असा परिवार आहे." माहिती त्यांच्या मित्रानं फोनवर दिली होती, मी तशीच घातली. त्यांना एक लग्न झालेली मुलगीही होती. ती पहिल्या रांगेत बसली होती, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात सहा महिने तीच त्यांच्याजवळ होती, आणि भाषणात तिचं नाव नाही. ती काही बोलली नाही, फक्त मान खाली घातली, ते मी मागून बघितलं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली, पण भरल्या सभेत गेलेली गोष्ट घरात जाऊन परत मिळत नाही. आता शोकसभेचं काहीही लिहिलं तरी घरातल्या एका माणसाला, जमलं तर घरातल्या बाईला, सगळं वाचून दाखवल्याशिवाय देत नाही. नाव, आडनाव, गाव, नोकरीची वर्षं, नाती. वयसुद्धा, कारण 'अकाली निधन' हा शब्द लोक सवयीनं नव्वदीच्या आजोबांनाही लावतात.

शेवट

मागणी शेवटी परत, त्याच शब्दांत. समोर निर्णय घेणारा कोण बसलाय ते माहीत असेल तर त्याच्या पदाकडं बघून विचारा आणि थांबा. अक्कांचा शेवट: "अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवा, आणि वळणावरचा दिवा लावा. कधीपासून, ते आज सांगा." एवढंच. 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' घालायचं नाही. त्यांना काळजी वाटली की लोकांना कळणार कसं भाषण संपलं. म्हटलं कागदाची घडी घाला, कळतं.

कागद आणि सराव

फॉन्ट १८ किंवा २०, कागदाच्या एकाच बाजूला, वरच्या दोन-तृतीयांश भागातच मजकूर, म्हणजे मान फार खाली जात नाही. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपता कामा नये. पानांना मोठे नंबर, पिन मारू नका. जिथं श्वास घ्यायचाय तिथं ओळ तोडा. मोबाईलवरून वाचायचं असेल तर स्क्रीन बंद होण्याची वेळ आधी बदला आणि फोन सायलेंट नाही, फ्लाईट मोडवर टाका.

सराव आरशासमोर करायची गरज नाही, तीन वेळा मोठ्यानं वाचा, तिसऱ्यांदा उभं राहून. आणि एकदा तरी अशा माणसासमोर वाचा ज्याची मराठी घरची नाही. अक्कांनी शेजारच्या कानडी मावशींना वाचून दाखवलं, मावशींनी एकाच ठिकाणी थांबवलं, 'सुविधा म्हंजे?' तो शब्द माझाच राहिला होता. काढला, 'बसायला जागा' लिहिलं.

माईकचं थोडक्यात: तोंडापासून एक वीतभर लांब, आणि बोलायच्या आधी त्यावर टकटक करू नका.

भाषण झाल्यावर

बोललेलं हवेत जातं. म्हणून त्याच मागणीचं एक पानी पत्र आधीच तयार ठेवायचं, वर तारीख, विषय, मागणी, खाली सह्या, दोन प्रती. इथंही 'उपरोक्त विषयास अनुसरून' शिवाय पत्र स्वीकारतात, काळजी करू नका. एक प्रत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का, सही, तारीख तिन्ही. सभेतच पोच मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर जाऊन घ्यायची. अक्का स्टेजवरून खाली आल्या त्या थेट संयोजकांकडं पत्र घेऊन गेल्या, मी सांगायच्या आधीच. पोच सकाळी मिळाली, त्यावरचा आवक क्रमांक त्यांनी मुलीच्या वहीत लिहून ठेवलाय. उत्तर आलं नाही तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, तोही मी लिहून तयार ठेवलाय, तीनच ओळींचा आहे.